रेवंताबाईचं बोट

रेवंताबाई दिघोरेच्या पोटचं एकही लेकरू मेलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे. सात बाळंतपणं, सातही जगली, सातही आपापल्या चुलीशी नांदती. बोडीटोल्याच्या मासेमार ढिवर वस्तीत असं दुसरं घर नव्हतं. वस्ती तलावाच्या काठाला. पाणी पोट भरी आणि पाण्यावरचे डासच लेकरं नेत. हिवतापानं सोडलेलं घर दाखवा म्हणून कोणी विचारत आलंच, तर त्याला रेवंताबाईच्या अंगणात आणून सोडत, आणि ती त्याला सुनावी, "पाह्यलं? आता चपला काढून बस."

म्हणूनच वस्तीतल्या बायका तिला लेकरं विकत.

रीत जुनी आहे. एखादीची पाठोपाठ लेकरं गेली, की पुढचं तिनं आपलं म्हणायचं नाही. नाळ कापली की ते सुपात घालून दारात आणायचं आणि जिची सगळी जगली अशा बाईला विकायचं. किंमत सूपभर कोंडा. घेणारी लेकरू उचलते, चारचौघांत "हे माझं" म्हणते आणि दूध पाजायला पुन्हा जन्मदातीच्याच ओटीत टाकते, पगारी दाई ठेवावी तसं. नाव असं द्यायचं की मरणानं वळूनही पाहू नये. दगडू, फेकन, उकिरडी, कोंड्या. पाचवं वरीस लागेपर्यंत जन्मदातीनं त्याला मोठ्यानं "माझं" म्हणायचं नाही. म्हटलं, की सौदा मोडला. आधीची ज्यानं नेली त्याला घर सापडलं.

शिकलेले लोक यावर हसतात. रेवंताबाईनं दुसरीतून शाळा सोडली होती, पण हसणाऱ्याला गप्प करण्याइतकं तिला येत होतं. लेकरं मरत होती तेव्हा तुम्ही काय घेऊन आला होतात, एवढंच ती विचारी.

ही गोष्ट फार पुढची नाही. आज रांगणारी पोरं तेव्हा बाप झालेली होती. थंडी नावापुरती उरली होती आणि डास बाराही महिने जगत होते. दारुडा दारूला सरावतो तसा हिवतापाचा जंतू गोळ्यांना सरावला होता. मोठी माणसं कशीबशी तगत. लहानांचं अंग तापे, फेफरं येई, आणि सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी चटईत गुंडाळलेलं असे.

अशात ते थेंब आले.

थेंबांमागची अक्कल साधी होती. डास चावला की हिवतापाचा जंतू लगेच रक्तात धिंगाणा घालत नाही. आधी तो यकृतात शिरतो, आठवडाभर तिथं दडून बसतो, एकाचे हजारो होतो आणि मग फुटून रक्तात उतरतो. यकृतात असतो तोवर माणसाला ना ताप ना थंडी. आता कावीळही यकृताचीच. इथं कावीळ म्हणजे नुसता डोळ्यांचा पिवळा रंग नव्हे, ती यकृतात घर करणाऱ्या विषाणूंची करणी. शास्त्रज्ञांना दिसलं, की ज्या यकृतात असा विषाणू जागता आहे तिथं हिवतापाच्या जंतूला पाय रोवता येत नाही. ज्या घरात पाहुण्यांची वर्दळ असते तिथं चोर शिरायला कचरतो, तसंच हे. मग त्यांनी काविळीचाच एक विषाणू पाळीव केला. त्याचे दात काढले, नखं काढली, नुसतं भुंकणं ठेवलं. त्याचे चार थेंब लेकराच्या जिभेवर टाकले की यकृत वर्षभर जागं. लोक त्याला पहाऱ्याचे थेंब म्हणू लागले.

पण एक मेख होती. काही लेकरांच्या यकृतात आईकडून आलेली कावीळ जन्मापासूनच दडलेली असते. 'ब' म्हणतात तिला. ती डोळ्यांत दिसत नाही, अंगात दिसत नाही. लेकराचं शरीर तिला घरचीच समजतं आणि तिच्या वाटेला जात नाही. अशा लेकराला पहारा पाजला, की झोपलेलं शरीर दचकून जागं होतं आणि चोर म्हणून आपल्याच यकृतावर काठी चालवतं. विषाणू तर मरत नाहीच, यकृत मात्र जळत जातं. आणि जळक्या यकृताला कसला आलाय पहारा? मग हिवतापही मागच्या दारानं आत. दोन दुखणी एका अंगात, आणि अंग वीतभर.

म्हणून थेंबांआधी तपासणी. पहिल्या वर्षी लेकरांच्या टाचा टोचल्या. आयांनी आरडाओरडा केला, पोरं घेऊन बायका तलावातल्या मासेमारीच्या डोंग्यांमध्ये जाऊन लपल्या, निम्म्या लेकरांना थेंब मिळालेच नाहीत. तेव्हा वर बसलेल्या कोणीतरी तोडगा काढला. लपलेली कावीळ येते ती आईकडून. मग लेकराला कशाला टोचता? आईचंच बोट टोचा. आई चोख तर लेकरू चोख. त्यासाठी साबणाच्या वडीएवढी डबी निघाली. डबीत बोट घालायचं, आतली सुई आपसूक टोचे, आणि वर दिवा लागे. हिरवा म्हणजे पाजा. लाल म्हणजे थांबा.

डबी बोलायचीही. पुण्याकडच्या कुठल्याशा बाईचा गोड आवाज त्यात भरला होता. ती प्रत्येक लेकरापाशी विचारी, "बाळाची आई कोण? आईनं बोट ठेवावं."

जगात इतके प्रश्न पडलेत, पण डबीनं नेमका तोच विचारला, जो विकलेल्या लेकरापाशी विचारायचा नसतो.

*

कोंड्या हा रेवंताबाईच्या धाकट्या सुनेचा. सुनेचं नाव आचल. तिची आधीची तिघं गेली होती, तिन्ही दोन वर्षांच्या आतली. रेवंताबाईच्या सुनेचीच लेकरं मरावीत हे तिला लागलं होतं, आणि लागलं की ती बोलून दाखवी. तुझ्या माहेरचं रक्तच पातळ, असं तिनं भर पाणवठ्यावर म्हटलं होतं. चौथा पोटात राहिला तेव्हा मात्र ती आपणहून सूप घेऊन उभी राहिली. वस्तीत कुजबुज झाली, की आजीनं नातू विकत घेतला तर तो सौदा कसला, घर तर तेच. रेवंताबाईनं विचारलं, चूल वेगळी आहे ना? धाकट्याची चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, आणि ज्याला शंका असेल त्यानं माझ्या पुढ्यात येऊन घ्यावी. कोणी आलं नाही.

कोंड्या जन्मला त्या दिवशी पुरानं रस्ता तोडला होता. जन्मल्याबरोबर टोचायची काविळीची लस त्यामुळं राहिली ती राहिलीच. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. म्हाताऱ्या सासूनं नाळ कापली आणि म्हाताऱ्या सासूनंच "माझा" म्हटलं.

थेंबांच्या आदल्या दिवशी आचल सासूकडं आली. मासळी निवडता निवडता खाली मान घालून सांगू लागली, की पहिलटकरीण असताना माहेरच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं होतं. तुझ्यात लपलेली कावीळ आहे म्हणाले होते. पुढं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

रेवंताबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली.

"पांढरी फेक तर हाये," ती म्हणाली. "कावीळ का साडीच्या पदरात लपते? नोको असं काही बोलू. आनं उद्या त्या डबीपुढं तोंड उघडू नोको."

आचल गप्प बसली. सासूपुढं गप्प बसायची तिला सवय होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. डबीपुढं "मी आई" म्हटलं आणि चौथाही गेला, तर ती कुठं जाणार होती?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत अल्का सिडाम नर्सबाई डबी मांडून बसली. डबीनं विचारलं, बाळाची आई कोण. रेवंताबाई पुढं झाली, "मी" म्हणाली आणि बोट घातलं. दिवा हिरवा. कोंड्याच्या जिभेवर चार थेंब पडले आणि त्यानं तोंड वेडंवाकडं केलं.

मग दगडूची आई आली, तिनं रेवंताबाईकडं पाहिलं. रेवंताबाईनं पुन्हा बोट घातलं. मग फेकनची. मग उकिरडीची. तिनं विकत घेतलेलं प्रत्येक लेकरू तिच्या बोटावर हिरवं झालं. नर्सबाईला काय ते दिसत होतं. तिनं हळूच म्हणून पाहिलं, की मावशी, हे बरं नाही. रेवंताबाईनं विचारलं, तुला लेकरांना थेंब पाजायचे आहेत की माझी वरात काढायची आहे? नर्सबाईवर वरून धोशा होता, की एकही लेकरू सुटता कामा नये. तिनं पुढचं लेकरू बोलावलं. आणि डबीला कोणी शिकवलंच नव्हतं, की साठी उलटलेल्या बाईला एका सकाळी एवढी तान्ही लेकरं असत नाहीत. ती रक्त बघे. रक्त चोख होतं.

त्या वर्षी बोडीटोल्यात एकही लेकरू हिवतापानं गेलं नाही. लोकांनी थेंबांना हात जोडले आणि रेवंताबाईला दोन वेळा जोडले. तिची मान आधीच ताठ होती, आता ती मागं झुकली. पुढच्या वर्षी डबी आली तेव्हा ती बोलावण्याची वाट न बघता पडवीत जाऊन बसली, पायावर पाय टाकून, बोट पुसून तयार.

कोंड्या तिला आई म्हणे. आचलला तो आचू म्हणे, घरातली मोठी माणसं म्हणत तसं. आचल त्याला ओ देई.

*

दुसऱ्या थेंबांनंतर दीड महिन्यात, भादव्याच्या उन्हात, कोंड्या तापला. आधी अन्न टाकलं. मग डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला. रेवंताबाईनं काविळीचा पाला आणून रस पाजला, उसाचा रस पाजला. तिसऱ्या दिवशी तो हुडहुडी भरून थडथडला तेव्हा तिनं सगळं बाजूला टाकलं, त्याला काखोटीला मारलं आणि तालुक्याच्या इस्पितळाची गाडी धरली. आचल मागं मागं आली, पिशवी घेऊन.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, बोरकुटे नावाचा. चांगला होता, हे सांगितलं पाहिजे. मूर्ख डॉक्टर असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्यानं रक्त पाहिलं आणि म्हणाला हिवताप आहे. मग कपाळाला आठ्या घालून पडद्यावर बघत राहिला, कारण पहाऱ्याचे थेंब दोनदा घेतलेल्या लेकराला हिवताप व्हायला नको होता.

"आजी, याची आई कुठंय?"

"मीच आई."

त्यानं तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. दत्तक आहे का, असं विचारलं. रेवंताबाई म्हणाली, तुमच्या डबीनं दोन वेळा मानलं, तुम्हाला मानायला जड जातंय काय? शहरात तेव्हा साठीच्या बायका यंत्रांच्या मदतीनं लेकरं करून घेत होत्या, डॉक्टरला त्याचंही नवल उरलं नव्हतं. पडद्यावर आईचं रक्त चोख दिसत होतं. चोख म्हणजे लपलेली कावीळ नाही. मग पिवळेपणा हिवतापाचाच. हिवतापात रक्ताच्या पेशी फुटतात आणि डोळे पिवळे होतात, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं आणि अनेक लेकरांत पाहिलंही होतं. पहारा ढिला पडला असावा, तो घट्ट करायला हवा. त्यानं हिवतापाची सुई लावली आणि पहाऱ्याचा जादा डोस तोंडात घातला. उद्या सकाळी आणखी एक देऊ म्हणाला.

एक गोष्ट खोटी होती. बाकी सगळं त्यानं बरोबर केलं.

सकाळपर्यंत ताप उतरला. रेवंताबाईनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकवलंसुद्धा, की माझ्या हातचं लेकरू जात नसतं. पण पिवळेपणा उतरला नाही. तो छातीवर आला, पोटावर आला. पोट फुगलं. कोंड्या झोपून राहू लागला, आणि उठवला तरी डोळे उघडून पुन्हा मिटू लागला. ताप नाही आणि शुद्धही नाही, असली झोप रेवंताबाईनं पूर्वी पाहिली होती. सुनेच्या मधल्या लेकराची. तेव्हा ती हिवतापाचीच म्हणून सोडून दिली होती.

इस्पितळामागं नातेवाइकांनी स्वयंपाक करायची शेड होती. आचल तिथं पेज शिजवत होती. रेवंताबाई तिच्या मागं येऊन उभी राहिली. डॉक्टर आता येईल आणि दुसरा डोस देईल, असं सांगून ती थांबली, सून काहीतरी म्हणेल म्हणून.

आचलनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"आत्या, त्याले सांगा."

रेवंताबाई म्हणाली, सांगू तर काय सांगू? सौदा मोडू? मी आई नाही म्हटलं की हा उघडा पडला. आणि हा एकटा नाही. दगडू आहे, फेकन आहे, सगळ्यांवर माझंच नाव. मी एकाला नाही म्हटलं की सगळ्यांची पाठ उघडी. त्यांच्या आया मला दारात उभं करणार नाहीत. मी ज्यांना जगवलं ते मीच मारू?

आचलनं सगळं ऐकून घेतलं. मग सासूकडं वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं सासूच्या डोळ्याला डोळा भिडवलेला रेवंताबाईला आठवत नव्हता.

"तुमी त्याले जगवाले घेतलं होतं का मिरवाले?"

रेवंताबाईचा हात उठला. हा हात उठला की खाली आल्याशिवाय राहत नसे, सारी वस्ती जाणून होती. तो हवेतच राहिला. मग तिनं त्याच हातानं आचलचं मनगट धरलं आणि तिला ओढत नेली. पेज चुलीवरच राहिली.

डॉक्टर खाटेपाशी पोचला होता. थेंबांची नळी उघडी होती.

"ते ठेव," रेवंताबाई म्हणाली. "मी याची कोनी नाई. आई ही हाये. हिच्या रक्तात लपकी कावीळ हाये, मले ठाऊक होतं."

वॉर्डातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. रेवंताबाईला वाटलं होतं हे बोलताना जीभ झडेल. जीभ जागेवर होती. कोंड्या झोपला होता.

डॉक्टरनं डबी आणून आचलचं बोट टोचलं. लाल. त्यानं नळी बंद केली, कोणाला तरी फोन लावला, पहारा मागं घ्यायचं औषध नागपुराहून मागवायचं की लेकरूच तिकडं हलवायचं यावर बोलत राहिला. रागावला नाही, तेवढा वेळ नव्हता. गाडी निघताना फक्त एक विचारलं. आणखी किती लेकरांना तुमच्या बोटावर थेंब दिलेत?

रेवंताबाईनं नावं सांगितली. नावं संपेनात तेव्हा त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, आजी, त्यांच्या खऱ्या आयांची बोटं टोचा. ज्यांचा दिवा लाल लागेल त्यांची लेकरं माझ्याकडं आणा, हसतीखेळती असली तरी आणा. हा फार उशिरा आला. त्यांना वेळ आहे.

गाडीत आचलनं लेकरू मांडीवर घेतलं. दोन वर्षं तिनं त्याच्यासाठी मनात एक नाव ठेवलं होतं, निहाल. ते ती आता मोठ्यानं म्हणू लागली. निहाल, माझ्या निहाल. कोंड्यानं एकदा डोळे उघडले. त्या नावाचा कोणी त्याला ठाऊक नव्हता. तो आवाजाच्या दिशेनं बघत राहिला, आणि हाक दुसऱ्याच कोणाला असावी तसे त्यानं डोळे मिटले. नागपूर अजून यायचं होतं.

*

बोडीटोल्याला समजायचं ते समजलं. रेवंताबाईनं "माझा नाही" म्हटलं आणि दिवस मावळायच्या आत कोंड्या गेला. याहून उघडा पुरावा तो कुठला? सौदा मोडला, मरणानं घर ओळखलं. ज्या बाया आजवर या रिवाजाकडं जरा संशयानं बघत त्यांचाही आता पक्का विश्वास बसला.

रेवंताबाई दारोदार गेली. डॉक्टरनं सांगितलं ते तिला जमेल तसं सांगितलं. मरण बोलण्यानं आलं नाही, थेंबांनी आलं, आणि थेंब मी दिले. तुम्ही आपापलं बोट टोचून घ्या. बायका दार लोटून घेत. दगडूच्या आईनं आतूनच विनवलं, मावशी, तुम्ही माझ्या दारात बोलू नका, तुमच्या पाया पडते. जिच्या शब्दावर वस्तीतल्या बाया लेकरं ओवाळून टाकत होत्या, तिचा शब्द आता कानावर पडू नये म्हणून त्या लेकरांच्या कानांवर हात ठेवत. लेकरं तिला बघून "आई, आई" करत धावत येत आणि त्यांना मागं ओढलं जाई.

आचल बोलत नव्हती. कोणाशीच नाही, सासूशी तर नाहीच.

डॉक्टरनं अल्का नर्सला वेळेआधीच पाठवलं. पडवीत डबी मांडली. बायका जमल्या, कारण नवे थेंब मिळतील असं त्यांना वाटलं होतं. तलाव भरलेला होता, शेजारच्या टोल्यात पुन्हा तापानं लेकरं पडली होती. रेवंताबाई आपल्या नेहमीच्या जागी बसली होती. बायकांनी तिला बसलेलं पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हातारी ताळ्यावर आली.

फेकनला घेऊन तिची आई, सुगंधा, पहिली आली. फेकन तीन वर्षांची, गुटगुटीत, हातात बोरं. डबीनं गोड आवाजात विचारलं, बाळाची आई कोण.

"मी नाई," रेवंताबाई म्हणाली, साऱ्या पडवीला ऐकू जाईल असं. "फेकन माही नाई. दगडू माहा नाई. उकिरडी माही नाई. एकबी माहं नाई. ज्यायनं जनलं त्यायचीच हायेत."

एक बाई मटकन खाली बसली. कोणीतरी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकली, तो नेमका रेवंताबाईच्या पदरावर. तिनं पदर झटकला नाही. तिनं सुगंधाचं मनगट धरलं, पिरगाळूनच म्हणा ना, आणि तिचं बोट डबीत घातलं. सुगंधा हिसडे देत होती, पण म्हातारीनं आयुष्यभर ओली जाळी ओढली होती.

दिवा लाल लागला.

मग मात्र बायका हलल्या. लेकरं उचलून दाराकडं वळल्या. नर्सबाई थांबा थांबा म्हणत राहिली. रेवंताबाई ओरडली, की लाल लागला म्हणजे वाचवायला वेळ आहे, अवदसांनो, समजत कसं नाही, पण तिचं आता कोण ऐकणार होतं? ती नाही म्हणाली होती, एका दमात सगळ्यांना.

दारात आचल उभी होती. ती कधी आली कोणी पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले होते. बायका थबकल्या, कारण लेकरू गेलेल्या बाईला धक्का मारून कोणी जात नाही.

"माह्या पोराले आत्यानं सोडलं म्हनून नाई मेला तो," आचल म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "आत्यानं सोडलं तवा त्याचं काळीज जळून गेलतं. मले ठाऊक होतं माह्या रक्तात का हाये ते. मी चुप रायली. दोन वर्सं चुप रायली, आनं त्यानं मले आचू म्हनलं. तुमी बी चुप रायता का?"

तिनं हात खाली घेतले नाहीत.

फेकनच्या हातातली बोरं सांडली होती, ती वेचायला ती खाली उतरली आणि वेचता वेचता खात होती. सुगंधा तिच्याकडं बघत होती. तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि कुजबुजल्यासारखं काहीतरी म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं, "माही हाये. माही."

दगडूची आई दारापासून परत फिरली. ती डबीसमोर बसली आणि रेवंताबाईकडं न बघता हात पुढं केला.

रेवंताबाईनं तो हात घेतला. हिचीही दोन गेली होती. त्यांना मूठमाती द्यायला रेवंताबाईच पुढं होती. तिनं आपल्या पदराचं कोरडं टोक शोधलं, बोट पुसलं आणि डबीत घातलं. सुई टोचल्याचा बारीक आवाज झाला. दिवा लागायला जरा वेळ लागतो.

"हात हलवू नोको," ती म्हणाली. "मी धरून हाये."